गाडीचे भाऊबंद

माणसाचें मोल त्याच्या गोतावळ्यावरून ठरूं नये, हें आम्हांस मान्य आहे. पण यंत्राच्या बाबतींत हें तत्त्व टिकत नाहीं. लातूर-नांदेड हमरस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावरील आमच्या अहमदपुरांत एखादी मालमोटार मोडून पडली, तर तिचें पुढें काय होणार हें मिस्त्रीच्या हातावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच तिचे भाऊबंद आसपास किती धांवत आहेत यावर असतें. रूढ गाडीचा पिस्टन, क्लचप्लेट, ब्रेकचें रबर तालुक्याच्या बाजारांतही मिळून जातें. दुकानदार ज्याचा खप, तेंच फळीवर ठेवतो. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं.

सैन्याच्या गाड्यांचा इतिहासही याच न्यायानें वाचावा. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडांतील फोर्ड व शेव्हरोले कारखान्यांनीं लाखों लष्करी मोटारी बांधल्या. त्यांचा चेहरा लष्करी, पण इंजिनें नागरी गाड्यांच्याच घराण्यांतलीं. त्यांपैकीं पुष्कळ हिंदुस्थानांतही आल्या. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यानें १९५९ पासून जबलपुरास तयार होऊं लागलेल्या शक्तिमानची गोष्ट निराळी. १९९६ पर्यंत ती बनत राहिली आणि तिनें सैन्याची मोठी सेवा केली. परंतु नागरी रस्त्यावर तिला गणगोत जवळजवळ नव्हतें. सैन्याचीं भांडारें हेंच तिचें माहेर. तिच्यामागून आलेली स्टॅलियन मात्र अशोक लेलँडच्या व्यापारी गाड्यांच्या नात्यांतली.

मग व्यापारी नमुन्यावर बेतलेली लष्करी गाडी घेतली म्हणजे चिंता मिटली काय? गोम येथेंच आहे. आमच्या एका परिचितांनीं लिलावांतून अशी एक जुनी मालमोटार आणून तिच्यावर पाण्याची टाकी बसविली. इंजिन बाजारांतल्या जातीचें, म्हणून ते निश्चिंत होते. ऐन वैशाखांत, दोन तांड्यांना पाणी पुरविण्याचें कबूल केलेलें असतांना, पुढच्या चाकाशीं असलेला सांधा तुटला. व्यापारी गाडीचीं पुढचीं चाकें नुसतीं वळतात. लष्करी गाडीचीं वळतां वळतां गाडी ओढतातही. या एका अधिक कामासाठीं लागणारा आंस, तो सांधा आणि पुढें-मागें जोर वांटणारी जादा गिअरपेटी, हीं सारीं बाजाराला अनोळखी. लातूर, नांदेड, हैदराबाद येथील भंगारबाजार पालथे घालण्यांत तीन आठवडे गेले. तितके दिवस तांड्यांवरच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन चालत होत्या. अखेर मिस्त्रीनें पुढच्या आंसाकडे जाणारा दांडा सोडविला व गाडी केवळ मागच्या चाकांवर चालती केली. गाडी जगली, पण ज्या खडकाळ चढासाठीं ती घेतली होती, तो चढ तिला पुन्हां चढवेना.

दुसरी अडचण काळाची. बाजार चंचल, त्याला थोड्या थोड्या वर्षांनीं नवा नमुना हवा असतो. सैन्य मात्र एकच गाडी दशकानुदशकें सांभाळतें. १९८५ मध्यें निघालेली मारुतीची जिप्सी नागरी बाजारांतून गेली, तरी सैन्याकडे राहिली. आणि जिच्याशीं तिच्या इंजिनाचें नातें होतें, ती एस्टीम मोटार तर त्याआधींच बंद झाली होती. ज्या भाऊबंदांच्या जोरावर गाडी घ्यावी, तेच आधीं निघून जातात, असेंही होतें.

यावरून नागरी नमुन्याचा आधार घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. दहांपैकीं नऊ भाग कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणें ही लहान सोय नव्हे. पण त्या सोयीच्या आनंदांत दहाव्या भागाची चौकशी राहून जाते, आणि गाडी अडते ती नेमकी त्या दहाव्याशीं. लष्कराचा अधिकारी असो कीं लिलावांत बोली लावणारा आमच्याकडील शेतकरी, बाजारांत न मिळणाऱ्या भागांची यादी त्यानें आधीं करावी आणि ते भाग गांठीशीं बांधूनच गाडी घ्यावी. पाण्याची वाट पाहणाऱ्या तांड्याला इतर नऊ भाग मिळत होते, हें सांगून त्याची तहान भागत नाहीं.