दिवा ठेवणे आणि दिवा लावणे

जयपूरच्या आग्नेयेस, अरवलीच्या टेकड्यांत, झालाना नावाचे रान आहे. एका अंगाला संस्थांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला बिबळ्यांचा वावर आणि रानाच्या पोटात राजघराण्याने शिकारीसाठी बांधलेली जुनी ओदी, अशी या जागेची ठेवण आहे. समजा, संगणकावर दृश्ये रचणाऱ्या एखाद्या चित्रकाराने या ओदीतील रात्र उभी करावयाचे ठरविले. भिंती झाल्या, कमानी झाल्या, बाहेरचा काळोखही झाला. आता एक दिवा हवा. तो त्याला घडवावा लागत नाही. ‘प्राचीन धाटणीचा दिवा’ एवढ्याच नावाची तयार प्रतिकृती त्याला मिळते आणि तो ती कोनाड्यात ठेवतो. दिवा ठेवला गेला. लागला मात्र नाही.

अशी प्रतिकृती घडविण्याची रीत जुन्या कारागिरीला अपरिचित नाही. समईच्या एका बाजूची बाह्यरेषा काढून ती उभ्या आसाभोवती फिरविली, की बैठक, दांडा आणि तेलाची वाटी एकदम आकारास येतात. ओतीव पितळ फिरते ठेवून त्यावर हत्यार धरणारा कातारी याहून वेगळे काय करतो? अंतर पडते ते पृष्ठभागावर. घरातल्या समईवर काजळी धरते ती ज्योतीजवळ, तेलाचा ओघळ उतरतो तो वातीच्या चोचीखाली, आणि चिंचेने घासून नक्षी बोथट होते ती बोटे पोहोचतात तेथेच. प्रतिकृतीवरील जुनेपण पुष्कळदा सर्वांगावर सारखेच फासलेले असते. तो दिवा जुना दिसतो, पण कोणाच्या घरी जळलेला दिसत नाही.

प्रकाशाचे गणित याहून बिकट आहे. जेम्स कजिया यांनी १९८६ साली मांडलेल्या समीकरणात प्रत्येक बिंदूचा उजेड भोवतालच्या इतर बिंदूंकडून येणाऱ्या उजेडाशी बांधलेला आहे. तो शोधण्यासाठी संगणक सहसा दिव्यापासून आरंभ करीत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून किरण सोडतो आणि भिंतीवरून, जमिनीवरून उसळत तो ज्योतीपर्यंत पोहोचतो का, हे पाहतो. नेत्रातून निघालेला किरण पदार्थापर्यंत जातो, हे नैयायिकांचे मत प्रकाशशास्त्राने त्याज्य ठरविले. गणनेची सोय म्हणून ते अशा आडवाटेने परतले आहे. ज्योत इवलीशी असल्याने बहुतेक किरण तिला चुकतात आणि चित्रावर ठिपक्यांची रवाळ छटा उरते. म्हणून अनेकदा ज्योतीच्या जागी एक अदृश्य प्रकाशस्रोत ठेवतात. दिसणारी ज्योत शोभेपुरतीच असते. निरांजन घेतलेल्या नटीच्या मुखावर विंगेतून झोत टाकतात, तीच ही युक्ती.

यात लबाडी मानण्याचे कारण नाही. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात वरमाला घेऊन निघालेली इंदुमती एकेका राजाला ओलांडून जाते, तेव्हा कालिदासाने तिला रात्री सरकणाऱ्या दीपशिखेची उपमा दिली आणि तिच्यामुळे तो ‘दीपशिखा कालिदास’ म्हणविला गेला. तेथे चित्र उभे राहते ते मागे पडून निस्तेज होणाऱ्या राजमार्गावरील वाड्यांचे. जयपूरच्याच परिसरातील आमेरचा शीशमहाल हीच गोष्ट आरशांनी सांगतो: एक ज्योत आणि तिचे असंख्य साक्षी. तो उभविणारे मिर्झाराजे जयसिंग मराठी वाचकास १६६५ च्या पुरंदरच्या तहामुळे ठाऊक आहेत. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढलेले, आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले दीपधारिणीचे चित्र तर याचा कळसच होय. तिने ज्योतीला तळहाताचा आडोसा केला आहे आणि उजेड बोटांच्या कडांतून तांबूस होऊन पाझरतो. त्वचेत शिरून विखुरणाऱ्या या प्रकाशाचे व्यवहार्य गणित संगणकाला मिळाले ते २००१ मध्ये, हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. हळदणकरांपाशी पाण्याने ओला केलेला कागद आणि समोर उभी असलेली स्वतःची मुलगी होती.

तेव्हा उणीव साधनांची नाही. ती नावाची आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावे पुण्यात संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील दिव्यांपुढे ‘प्राचीन धाटणी’ हा शब्द पोकळ वाटू लागतो. लामणदिवा साखळीने टांगावयाचा, समई देवापुढे उभी करावयाची, निरांजन ओवाळावयाचे; प्रत्येक घाटामागे एक हालचाल आहे, एक जागा आहे. मराठी माणूस दिवा विझला असे म्हणावयास कचरतो. दिवा शांत झाला, असे म्हणतो. ज्या वस्तूविषयी भाषेने एवढा संकोच बाळगला, ती नाव पुसून कोणत्याही दृश्यात मांडली, तर केवळ पितळेचा आकार उरतो.

झालान्याच्या ओदीत कोकणी समई शोभणार नाही, हे त्या चित्रकाराने प्रथम ओळखावे. त्या भिंतीला साजेसा दिवा शोधावा, त्यात तेल कोठवर भरत असतील याचा विचार करावा, आणि कोनाड्याच्या मागच्या भिंतीवर, ज्योतीच्या नेमका वर, काजळीचा एक उभा पट्टा उमटू द्यावा. तो पाहूनच कळेल, की येथे रोज सायंकाळी कोणीतरी येत होते.