घर कधी सोडायचं? कऱ्हाकाठच्या एका डॉक्टरचा अनुभव



एरवी मी या पानावर साखर, रक्तदाब, थायरॉईड असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पाऊस वाढतोय, धरणातून पाणी सोडल्याची बातमी आलीय, अशा वेळी घरात आजारी माणूस असेल तर निघायचं की थांबायचं? हा प्रश्न मला फोनवर अनेकदा विचारला गेलाय. एकदा मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं. तिथूनच सुरुवात करतो.

२५ सप्टेंबर २०१९, बारामती

आपला भाग दुष्काळी. बारामती-इंदापूरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कऱ्हा तर वर्षातले बरेच महिने कोरडीच. लहानपणी आम्ही तिच्या पात्रात क्रिकेट खेळलो. त्यामुळे त्या रात्री माझे एक जुने पेशंट, निवृत्त गुरुजी, यांच्या मुलाचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, नदीकाठ सोडायला सांगतायत. वडलांना घेऊन निघू का?", तेव्हा मी बिनधास्त म्हणालो, "अहो, कऱ्हेला कसला पूर येतोय? रात्रीचं म्हाताऱ्या माणसाला कुठं फिरवता? सकाळी बघू."

बारामतीत तेव्हा फारसा पाऊस नव्हता. म्हणूनच मी फसलो. पाऊस पडत होता वर, पुरंदरात. त्याच रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं हाहाकार केला. जेजुरीजवळचं नाझरे धरण भरून वाहू लागलं आणि तिथून कऱ्हेत सुमारे ८५ हजार क्युसेक पाणी आलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला चोवीस लाख लिटर! जेजुरीहून बारामती रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. हे पाणी आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. निघण्यासाठी हातात असलेला वेळ तेवढाच. गुरुजींच्या घराचा तो वेळ माझ्या सल्ल्यामुळे वाया गेला.

पहाटे मुलानं त्यांना गुडघाभर पाण्यातून पाठीवर घेऊन बाहेर काढलं. जीव वाचला. पण इन्सुलिन फ्रीजमध्ये राहिलं. पायावरची जखम घाण पाण्यात भिजली. गडबडीत दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा साखर पाचशेच्या वर, पाय सुजलेला, माणूस गुंगीत. पंधरा दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि पायाचं एक बोट गेलं.

गुरुजी मला कधी काही बोलले नाहीत. उलट बरे झाल्यावर पेढे घेऊन आले. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

ऑक्टोबर २०२०, इंदापूर

पुढच्याच वर्षीची गोष्ट. कोरोनाचा काळ. माझी मावशी इंदापूर तालुक्यात, ओढ्याकाठच्या वस्तीवर राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झालेली, दिवसातले पंधरा-सोळा तास घरी ऑक्सिजनचं मशीन लागायचं. हे मशीन हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देतं, पण विजेवर चालतं. वीज गेली की ते नुसतं खोकं.

त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. २०१९ नंतर मला हवामान खात्याचे नकाशे बघायची सवयच लागली होती. १३ ऑक्टोबरला सकाळी ते वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. एरवी अशी वादळं जमिनीवर आली की विरतात. हे मात्र पाणी घेऊन पश्चिमेला सरकत राहिलं. त्या रात्री हैदराबाद बुडालं. नकाशावरची पुढची वाट कर्नाटकाचा उत्तर भाग, सोलापूर आणि मग आपण.

१४ तारखेला, बुधवारी सकाळी मी मावशीला फोन केला. "मावशे, आवरून ठेव, न्यायला येतोय."

"तू डाक्टर हायस का वेधशाळा?" मावशी म्हणाली. "आन् त्या करुनाच्या दिवसात मला गावात नेतोस? हितं रानात बरी हाय मी. अधिक म्हयना चाललाय, जावयाला धोंडे करायचेत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कोरोनात तिला माणसांत आणणं म्हणजे धोकाच होता. पूर न येता तिला कोरोना झाला असता तर तो दोष माझ्याच माथी आला असता. मी तासभर ठरवू शकलो नाही. 'ओढ्याचं पाणी घरात येईल का?' एवढाच प्रश्न मी घोळवत होतो, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग गुरुजी आठवले. त्यांचा पाय पाण्यामुळे कमी आणि इन्सुलिन चुकल्यामुळे जास्त बिघडला होता. मी प्रश्न बदलला. घरात पाणी येवो न येवो, रात्री वस्तीवरची वीज जाईल का? ओढ्यावरचा पूल बुडून रस्ता बंद होईल का? या दोन्हींचं उत्तर 'बहुतेक हो' असं होतं. आणि वीज गेली, रस्ता बंद झाला, तर मावशीच्या हातात किती तास? जवळचा इन्व्हर्टर ते मशीन फार तर दोन-तीन तास चालवणार. सिलिंडर त्या दिवसांत मागूनही मिळत नव्हते.

दुपारी गाडी काढली. मशीन, गोळ्या, फायली आणि धोंड्यांची पुरणाची परात, सगळं भरलं. मास्क लावून, काचा उघड्या ठेवून मावशीला बारामतीला आणलं आणि वेगळ्या खोलीत ठेवलं. ती वाटभर रुसून होती.

त्या रात्री इंदापूर, बारामती, पंढरपूर, सोलापूर सगळीकडे धो धो पाऊस झाला. ओढे रस्त्यांवर आले, उभी पिकं वाहून गेली. मावशीच्या वस्तीवर पाणी अंगणातल्या तुळशीपर्यंत येऊन थांबलं. घरात थेंबही गेला नाही.

"बघ, उगाच आणलंस मला," मावशी म्हणाली.

पण वस्तीची वीज अडीच दिवस आली नाही. ओढ्यावरचा पूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्याखाली होता. मी तिला फक्त एवढं सांगितलं. ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "धोंडं खा आता, गार व्हत्यात."

वादळ झोपेत वाढतं

"पण डॉक्टर, थोडी वाट बघून निघालं तर?" असं तुम्ही म्हणाल. अडचण अशी की पाणी आणि वादळ सारख्या चालीनं वाढत नाहीत. समुद्रातल्या वादळाचा वारा एका दिवसात ताशी पंचावन्न किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, तर शास्त्रज्ञ त्याला वेगानं तीव्र होणारं वादळ म्हणतात. खाली गरम पाणी मिळालं की असं घडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर आलेलं ओटिस एका दिवसात साध्या वादळाचं सर्वांत वरच्या श्रेणीचं झालं आणि मध्यरात्रीनंतर शहरावर आदळलं. लोकांना निघायला वेळच उरला नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण नाझरे, वीर, उजनी आहेत. विसर्ग वाढवल्याचा मेसेज आणि दारातलं पाणी यांच्यात काही तासच असतात, आणि ते बहुधा रात्रीचे असतात.

ठरवायचं कसं? स्वतःला विचारा चार प्रश्न

१. घरातल्या आजारी माणसाला वीज, रस्ता किंवा दवाखाना याशिवाय किती तास काढता येतील?

२. बाहेर पडायचा रस्ता कुठल्या ओढ्यावरून, पुलावरून जातो? घराआधी तो बुडतो का?

३. वरच्या भागात काय चाललंय? बारामतीकरांनी पुरंदरचा पाऊस बघावा, नीराकाठच्यांनी वीर धरणाचा विसर्ग. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून ठरवू नका. हवामान खात्याचा केशरी इशारा म्हणजे 'तयारीत राहा' आणि लाल म्हणजे 'आता हालचाल करा'. दिवसात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा एका दिवसात.

४. उजेड किती वेळ आहे? घरात आजारी माणूस असेल तर अंधार पडायच्या आत निघा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'थोडेच तास' असेल तर बाकीच्यांपेक्षा आधी निघा. ऑक्सिजन लावलेले, डायलिसिसवाले, दिवस भरत आलेली गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेले, तान्ही बाळं यांना केशरी इशाऱ्यावरच हलवा. डायलिसिस शक्य असेल तर एक दिवस आधी करून घ्या.

पिशवीत काय हवं?

- चालू असलेली सगळी औषधं, किमान सात दिवसांची, आणि चिठ्ठ्यांचे फोटो मोबाईलमध्ये.
- इन्सुलिन. चालू असलेली बाटली किंवा पेन तीस अंशांच्या आत, सावलीत साधारण चार आठवडे टिकतं. फ्रीज नाही म्हणून इंजेक्शन बंद करू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं तरी चालतं. बर्फाला मात्र चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.
- साखर तपासायचं मशीन, थोडी साखर किंवा गूळ, ओआरएसची पाकिटं, पिण्याचं पाणी.
- बंद चप्पल किंवा बूट, बॅटरी, चार्जर, आधार आणि आरोग्य योजनेची कार्डं.

चार गोष्टी टाळा

वाहत्या पाण्यातून गाडी घालू नका. सहा इंच वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडतं, फूटभर पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं. घोट्याएवढंच दिसतंय म्हणून फसू नका, खालचा रस्ता वाहून गेलेला असू शकतो.

साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका. तो अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

पुराचं पाणी अंगावर घेतलं असेल तर जखमा साबणानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर अंगावर काढू नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो असू शकतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर नक्कीच.

आणि परत आल्यावर भिजलेल्या भिंतीवरचं बटण दाबायच्या आधी वायरमनला बोलवा.

शेवटचं

कधी ना कधी तुम्ही निघाल आणि पाणी येणारच नाही. लोक हसतील, घरातलं माणूस रुसेल. हसू द्या. मावशी पुढे दोन वर्षं जगली आणि भेटेल त्याला सांगायची, "आमच्या डाक्टरनं मला फुकटच पळवून नेलं होतं." दर वेळी मला ते ऐकून बरं वाटायचं.

आज जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. घरात सगळ्यांत आधी कुणाला हलवावं लागेल आणि कुणाकडे न्यायचं, एवढं ठरवा आणि त्या पाहुण्यांना आजच फोन करून सांगून ठेवा.

काळजी घ्या.