पुढे गेलेली तारीख

मासिक पाळीची तारीख ठरलेली असते असे मानले जात असले, तरी बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती कोणत्याच हिशेबात बसत नाही आणि पंचेचाळिशीनंतर पुन्हा बेहिशेबी होते. मधल्या काळात २१ ते ३५ दिवसांचे अंतर सर्वसाधारण समजले जाते. याच वयात कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कापडाच्या वा सुताच्या कारखान्यात लागलेली तरुणी पहाटे उपाशीपोटी बस गाठते, शिफ्ट बदलली की तिची झोप मोडते, आणि शेजारच्या यंत्रावरच्या बाईला ती हळूच सांगते, ‘या महिन्यात पुढं गेलीया.’

पाळी अशी पुढे जाण्याचे मूळ बहुधा गर्भाशयात नसून मेंदूत असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश नेणारी द्रव्ये, सोडतो आणि त्यांवर पियूषिका ग्रंथी व तिच्यामार्फत बीजकोश चालतात. जागरण, प्रवासाचा शीण, ताप किंवा झपाट्याने घटलेले वजन यांमुळे हा क्रम मंदावला की बीजोत्सर्ग, म्हणजे बीजकोशातून पक्व बीज बाहेर पडणे, लांबतो. बीजोत्सर्गापासून पाळीपर्यंतचा काळ मात्र साधारण चौदा दिवसांचाच राहत असल्याने, चक्राच्या पूर्वार्धात आलेला टायफॉइड तारीख पुढे ढकलू शकतो, तर उत्तरार्धात आलेल्या त्याच तापाने तारखेत सहसा फारसा फरक पडत नाही. डेंग्यूचे निराळे आहे. त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, घटल्याने अंगावरून जास्त जाऊ शकते.

वारीला किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला निघताना नॉरएथिस्टेरॉन या कृत्रिम संप्रेरकाच्या गोळ्या घेऊन पाळी लांबवली जाते (अडचण देवाची नसते, घरच्यांची असते). परंतु रक्ताच्या गुठळ्यांचा वा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीने त्या डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील उसाच्या फडांत बीडकडून तोडीला येणाऱ्या स्त्रियांचा प्रवास तर अर्ध्या वर्षाचा असतो. पाणी नाही, आडोसा नाही आणि खाडा, म्हणजे गैरहजेरी, झाला की मुकादम पैसे कापणार, अशा स्थितीत पाळीच्या दुखण्यावर इलाज म्हणून गर्भाशयाची पिशवीच काढण्याचा मार्ग कित्येकींना दाखवला गेला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. झोप, पाणी आणि चार दिवसांची रजा यांनी जे पुष्कळसे निभावले असते, त्यासाठी शस्त्रक्रिया झाल्या, हा दोष त्या स्त्रियांचा नव्हे.

एखादा महिना तारीख चुकल्यास, गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी गर्भचाचणी करावी. तीन महिने पाळी आली नाही, तर थायरॉइडचा विकार आणि जननमार्गाचा क्षय यांचीही शंका घ्यावी लागते. पाळीच्या तारखेशेजारी ताप कधी आला, शिफ्ट कधी बदलली, गोळी कोणती घेतली हेही प्रत्येकीने लिहून ठेवावे. तपासताना डॉक्टर तेच विचारतात.