गोल चुकला तर?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेला, पुढे डिप्लोमा केलेला. नोकरीचा अर्ज तपासून घ्यायचा होता. मराठीच्या सरांकडे मुलं शुद्धलेखनासाठी येतात, तसाच हाही आला असेल असं वाटलं. पण त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"सर, नावाचं फक्त पहिलं अक्षर लिहू? पुढे इनामदार आहेच."

क्षणभर मला कळलंच नाही. मग लक्षात आलं. इनामदार हे आडनाव आपल्याकडे ब्राह्मणांतही आहे आणि मुसलमानांतही. पहिलं नाव झाकलं की समोरच्याला काही कळणार नाही. पोरगं बावीस वर्षांचं आहे आणि हा हिशेब त्याला कुणी शिकवलेला नाही.

मी म्हणालो, "दोन दिवस दे, सांगतो." शिक्षक असं म्हणतो तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसतं, हे मुलांनाही ठाऊक असतं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या माझ्या भाच्याने एक लेख पाठवला होता. "मामू, हा वाचा. सलाहवर आहे." मोहम्मद सलाह म्हटल्यावर मी डिक्शनरी घेऊन बसलो. इंग्रजी शोधनिबंध वाचणं माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या माणसाला सोपं नाही. चार संध्याकाळी गेल्या, पण वाया गेल्या नाहीत.

लेख छापलेलं नियतकालिक आहे 'अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू'. १९०६पासून निघतं आणि राज्यशास्त्रात त्याचं नाव पहिल्या काही नियतकालिकांत घेतलं जातं. तिथे लेख छापून येणं म्हणजे प्राध्यापकांच्या दुनियेत मोठी गोष्ट. लेख आला की तो त्या विषयाच्या जाणकारांकडे तपासायला जातो, पण त्यावर लेखकाचं नाव नसतं. तपासणारा कोण, हे लेखकालाही सांगत नाहीत. आपल्या दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो, तसंच हे. नाव झाका आणि काम बघा. ऐकायला किती न्याय्य वाटतं!

आणि अशा नाव झाकणाऱ्या ठिकाणी छापलेला हा लेख आहे नाव न झाकणाऱ्या माणसाबद्दल.

सलाह इजिप्तचा. २०१७ साली तो लिव्हरपूल क्लबकडे आला. गोल केला की मैदानावरच सजदा करतो. मुलीचं नाव मक्का. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी त्याच्यावर गाणं रचलं, त्यात मशिदीचाही उल्लेख आला. चार संशोधकांना प्रश्न पडला की हे प्रेम फक्त सलाहपुरतं आहे, की बाकीच्या मुसलमानांपर्यंतही पोहोचतं? त्यांनी इंग्लंडमधल्या द्वेषाच्या गुन्ह्यांची पोलिसी आकडेवारी घेतली आणि ब्रिटिश फुटबॉल चाहत्यांचे दीड कोटी ट्वीट तपासले. सलाह आला नसता तर लिव्हरपूल भागात काय झालं असतं, याचा अंदाज इतर भागांच्या आकड्यांवरून बांधला. त्या अंदाजाच्या तुलनेत तिथले द्वेषाचे गुन्हे १६ टक्क्यांनी कमी निघाले. इतर मोठ्या क्लबांच्या चाहत्यांशी तुलना केली, तर लिव्हरपूलच्या चाहत्यांचं मुसलमानांविरुद्ध लिहिण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

पण मला थांबवलं ते पुढच्या भागाने. त्यांनी चाहत्यांची पाहणीही केली होती. सलाह मुसलमान आहे हे ठळकपणे समोर आलं, तेव्हाच त्याच्याबद्दलची आपुलकी बाकी मुसलमानांकडे वळताना दिसली. म्हणजे त्याने सजदा केला नसता, नाव झाकलं असतं, तर लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं असतं, पण आपल्या वाट्याला त्यातलं काही आलं नसतं.

वाचून आनंद झाला. विद्यार्थ्याला उत्तर मिळालं असंही वाटलं. पूर्ण नाव लिही, बेटा.

मग अंकाची तारीख पाहिली. नोव्हेंबर २०२१. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला होता. त्या रात्री मोहम्मद शमीला काय काय ऐकावं लागलं, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर वाचलं आहे. अकरा जण हरले, जाब एकाला विचारला गेला. कप्तान विराट कोहली त्याच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला, ही गोष्टही विसरता येत नाही. पण माझ्या वर्गातली पोरं दुसऱ्या दिवशी गप्प होती, तेही विसरता येत नाही.

सलाहचा गोल होतो तेव्हा पूल बांधला जातो, हे खरं. पण गोल चुकला तर? ज्याला धड फुटबॉल मारता येत नाही, त्याचं काय?

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त २००७ साली आला होता. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी: उच्चजातीय हिंदू, दलित आणि मुसलमान. उच्चजातीय नावापेक्षा दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं कमी आलं आणि मुसलमान नावाला सर्वांत कमी. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

सलाहवरच्या लेखाच्या एक लेखिका सलमा मूसा यांनी इराकमध्येही काम केलं आहे. आयसिसच्या छळानंतर तिथल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत त्यांनी मुसलमान खेळाडू घातले. कुणी सलाह नव्हता, सगळी साधी पोरं. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू मैदानावर मुसलमान खेळाडूंशी जास्त मोकळेपणाने वागू लागले. सहा महिन्यांनंतरही त्यांच्यासोबत सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दल फारसा फरक पडला नाही. सोबत राहिल्याने इतकंच होतं. पण इतकं तरी होतं, आणि त्यासाठी कुणाला हिरो व्हावं लागत नाही.

दोन दिवसांनी तो आला. मी त्याला सगळं सांगितलं, थोरातांचा अभ्यासही. म्हणालो, "नाव झाकलंस तर मी तुला खोटा म्हणणार नाही. ही गरज ज्यांनी आणली, दोष त्यांचा. पण दाराआत गेलास की रोज तुझ्या नावाने हाक मारतील, डबा एकत्र खातील. तेव्हा तरी नाव उघडं ठेव."

तो हसला. "सर, डब्यात अम्मीचा खिमा असला की नाव सांगायची गरजच नाही."

अर्जावर त्याने काय लिहिलं, मी विचारलं नाही. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, तेवढ्या दुरुस्त करून दिल्या.