मधले वर्ष

२०२२च्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. मुलाला तेथे वित्तशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. ‘फादर, तिकडे पदवी तीन वर्षांची असते म्हणतात. मग इथे चार का लिहिलीत?’

मी चष्मा लावून वाचले. दोन वर्षे अध्ययन, तिसऱ्या वर्षी एखाद्या कंपनीत पगारी काम, चौथ्या वर्षी पुन्हा वर्ग. मला आमची सेमिनरी आठवली. तत्त्वज्ञान संपल्यावर, ईशज्ञानाला आरंभ होण्यापूर्वी, आम्हालाही वर्षभर बाहेर धाडले होते. त्या आठवणीच्या बळावर मी छातीठोकपणे सांगितले, ‘काळजी करू नका. काम विद्यापीठच लावून देते.’ त्यांनी वाडीचा एक तुकडा विकला.

माझे म्हणणे साफ चुकीचे होते. आमच्या हाती नेमणुकीची चिठ्ठी आली आणि आम्ही पेटी उचलून निघालो; तिथे मात्र जागा मुलानेच मिळवायची असते. विद्यापीठ अर्ज तपासून देते, मुलाखतीची तयारी करून घेते, एवढेच. मोठ्या बँका व लेखापरीक्षण संस्था पुढील वर्षाच्या जागांसाठी आदल्या शरदातच अर्ज मागवू लागतात, म्हणजे दुसरे वर्ष सुरू होते न होते तोच. मग संगणकावर चाचण्या, कॅमेऱ्यासमोर मुलाखती. जागा न मिळाल्यास विद्यार्थ्याला सहसा तीन वर्षांच्या पदवीत वर्ग करतात. परदेशी असेल तर व्हिसाची मुदतही घटू शकते.

या पद्धतीला तिकडे ‘सँडविच’ म्हणतात. बाथ, ॲस्टन, ब्रुनेल, लफबरो या, १९६६ साली सनद मिळालेल्या विद्यापीठांनी ती विशेष जोपासली. आपल्याकडील सीएची आर्टिकलशिप तिच्याच जातीची. ती २०२३पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली, पण कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीचा ती भाग नव्हे.

२०२३च्या शरदात विद्यापीठाच्या सूचना येत होत्या. ‘शेवटी तेच देणार’ या समजुतीने मुलगा स्वस्थ राहिला. ती समजूत माझी होती. जानेवारीत त्याचा फोन आला तेव्हा बहुतेक मोठी दारे बंद झाली होती. त्यानंतरचे पाच महिने त्याने अर्ज केले आणि मी फोनची वाट पाहिली. जूनमध्ये एका लहानशा हिशेबनिसाच्या कार्यालयात त्याला जागा मिळाली. पगार बेताचाच.

पहिले काही आठवडे रोकडवहीचा बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालण्यात गेले. एकदा अवघ्या नऊ पेन्सच्या फरकासाठी तो दोन दिवस बसला. आकड्यांची अदलाबदल झाली होती. ‘फादर,’ त्याने लिहिले, ‘फरक नऊने भागला जात असेल, तर आधी तेच पाहायचे. हे मला पुस्तकात भेटले होते, पण तेव्हा ओळख झाली नव्हती.’ चौथ्या वर्षी तो वर्गात परतला तो प्रश्न घेऊनच.

तो गेल्या नाताळला घरी आला होता. पाच महिन्यांची ती वणवण का झाली, हे त्याने वडिलांना सांगितलेले नाही. मीही सांगितले नव्हते. ते या त्रैमासिकाचे जुने वर्गणीदार आहेत.