चौविहार आणि दुखण्याची गोळी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मोठ्या जाऊबाईंना ट्रामाडॉल दिले होते. त्यांचा चौविहार, म्हणून रात्रीची गोळी संध्याकाळच्या गोळीबरोबरच घेऊन टाकते म्हणाल्या. मी हातच धरला. ही पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी नव्हे, अफूच्या गुणाची. दोन एकदम घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. सोबत झोपेची गोळी असली तर धोका जास्तच.

या जातीची सगळी औषधे सारखी नसतात. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते, काहींच्या अंगात फार भराभर. मॉर्फिन ट्रामाडॉलपेक्षा बरेच कडक, म्हणून एकाच्या मिलिग्रॅमचा हिशेब दुसऱ्याला लागत नाही (मी कॉमर्सची, पण इथे त्रैराशिक चालत नाही!). फेंटानिलच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध जास्त शरीरात जाते.

डॉक्टरांना फोन करून चौविहाराचे सांगितले. त्यांनी बारा तास पुरणारी गोळी लिहून दिली, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. ती कुटायची नाही, अख्खी गिळायची. कुटली तर बारा तासांचे औषध एकदम उतरते. बद्धकोष्ठासाठीही औषध दिले. ज्येष्ठ महिना होता, सातनंतर सूर्यास्त, म्हणून वेळ जमली. पौषात असते तर वेळा पुन्हा विचारूनच ठरवल्या असत्या.