तुरळक ठिकाणी

फाल्गुन सरत येतो, मोहोराचा वास विरून कैऱ्या फांद्यांवर दिसू लागतात आणि मांडवीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळू भरदुपारी पाय ठेवू देत नाही. अशा दिवसांत संध्याकाळी मी जेट्टीवर फिरावयास जातो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला रत्नदुर्गाचा डोंगर, डाव्या हाताला भाट्याची खाडी आणि समोर अथांग पाणी. वाऱ्याची एक झुळूक मिळावी म्हणून अर्धे शहर तेथे लोटलेले असते. "या, बसा फादर," म्हणून कुणीतरी कठड्यावर जागा करून देतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "यंदा वळीव लवकर पडणार म्हणतात, खरं काय?" आभाळाची बातमी धर्मगुरूला आधी कळते, अशी लोकांची भाबडी समजूत असावी.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले. हवेचे शास्त्र मात्र मला रत्नागिरीच्या उन्हाळ्याने शिकवले. समुद्र उशाशी असताना मार्चमधल्या एखाद्या दिवशी आपला पारा देशावरच्या शहरांच्याही वर का जातो, याचे मला प्रारंभी नवल वाटे. कारण साधे आहे. या दिवसांत कधी कधी पूर्वेकडील कोरडे, तापलेले वारे सह्याद्री ओलांडून खाली उतरतात. हवा खाली येताना दाबली जाते आणि दर शंभर मीटर उताराला सुमारे एक अंशाने अधिक तापते. हे वारे जोरात असले की समुद्रावरून येणारे खारे वारे अडून राहतात. एरवी दुपारच्या सुमारास मिळणारा गारवा तिसऱ्या प्रहरापर्यंत येत नाही. किनाऱ्यावरील ठिकाणी पारा किमान ३७ अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाला, तर हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. मैदानी प्रदेशाला हीच मर्यादा ४० अंशांची आहे. आपल्याला सवलत दिलेली नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराला निवण्याचा मार्गच उरत नाही, हे त्या फरकामागचे सत्य आहे.

चैत्र-वैशाखात याच उष्म्याचे दुसरे रूप प्रकट होते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, समुद्राची वाफ तिला येऊन मिळते, डोंगराची चढण तिला आणखी उचलते आणि दुपार कलता कलता दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. सोसाट्याचा वारा, गडगडाट, कधी गारा आणि वीज, हा सारा त्यांचा संसार. एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पावसाळ्याचे ढग समुद्रावरून येतात. वळवाचे ढग बहुधा सह्याद्रीच्या अंगाला चढतात. किनाऱ्यावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्याची पाठ नेमकी तिकडे असते.

मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्हावार पाच दिवसांचा इशारा रोज निघतो. हिरवा रंग म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. चक्रीवादळाच्या वेळी हे रंग आपण मानू लागलो आहोत. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान'ने किनाऱ्यावरील घराघरांत रडे पोहोचविले होते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' रत्नागिरीसमोरून गेले, तेव्हा बंदरात आधीच नांगरलेल्या होड्या मी पाहिल्या. परंतु वळवाच्या पिवळ्या इशाऱ्याला कोणी विचारीत नाही. त्यातले शब्दही असे असतात: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' तुरळक आणि शक्यता! ऐकणाऱ्याला वाटते, सांगणाऱ्यालाच खात्री नाही.

काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले होते. त्याची कबुली देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

पास्काचा सण नुकताच झाला होता. एका रविवारी मिस्साच्या शेवटी निवेदने वाचताना मी हौसेने हवामानाचा इशाराही वाचला. तो ऐकून कुणी अंगणातली सुकी मासळी उचलली, कुणी आमसुले आणि पापड अर्धवट वाळलेले घरात नेले. एका घरी लग्नाचा मांडव होता, त्यांनी जेवणावळ घाईने सभागृहात हलविली. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस थेंबही पडला नाही. मंडळींनी माझी थट्टा आरंभली. "फादर, तुमचा पाऊस कुठे अडकला?" बोलणे प्रेमाचेच होते, पण मला लागले.

पुढच्या रविवारी तोच पिवळा रंग आणि तेच शब्द. कागद माझ्या हातात होता. विवाहांची निवेदने वाचली, धर्मशिक्षणाच्या शिबिराची तारीख सांगितली आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुन्हा हसे कशाला करून घ्या!

दुपारी चारच्या सुमारास पूर्वेचे आभाळ काळवंडले. आमच्या धर्मग्रामातला एक तरुण बागेत आंबे उतरवीत होता. पहिला गडगडाट झाला तेव्हा त्याच्या हातात झेला होता आणि पेटी भरत आली होती. सरी सुरू होताच तो झाडाखाली उभा राहिला. वीज शेजारच्या झाडावर पडली. तो फेकला गेला, पाय भाजला, उजव्या कानाचा पडदा फाटला. देवाच्या दयेने प्राण वाचले. रुग्णालयात मी त्याच्या खाटेपाशी बसलो असताना त्याची आई पदराने डोळे पुशीत म्हणाली, "मेघ गरजतील असं कुणाच्या मनात होतं फादर? तुम्हांला तरी काय ठाऊक?"

मला ठाऊक होते. माझ्या खिशात होते.

त्या बाईला मी ते त्याच दिवशी सांगितले नाही. सांगायला मला आठवडा लागला. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सांगितलं असतंत तरी तो गेलाच असता. पण निदान गडगडलं तेव्हा त्याला आठवलं असतं."

नंतर मी 'तुरळक' या शब्दाचा अर्थ नीट शोधला. एखाद्या विभागातील नोंदकेंद्रांपैकी पाव हिश्शापर्यंतच्या ठिकाणी पाऊस अपेक्षित असला की हा शब्द वापरतात. म्हणजे चारांपैकी तिघांच्या अंगणात काहीच होणार नाही, हे त्यातच सांगितलेले आहे. पहिल्या रविवारी इशारा खोटा ठरला नव्हता. माझ्या अंगणापुरते मी त्याला खोटे ठरविले होते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात विजेने २८८७ माणसे गेली. त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या 'तुरळक ठिकाणी' उभा होता.

येशूसंघाच्या दोन धर्मगुरूंची मला या संदर्भात आठवण होते. हवाना येथील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेतून फादर बेनितो विन्येस यांनी सप्टेंबर १८७५ मध्ये चक्रीवादळाचा जाहीर इशारा दिला. मनिला येथून फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ मध्ये तसेच केले. हाताशी वायुभारमापक, ढगांची निरीक्षणे आणि तारायंत्र, एवढीच सामग्री. चुकण्याची भीती त्यांना माझ्याहून किती तरी अधिक असली पाहिजे. तरी ते बोलले. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू पश्चिमेचा ढग आणि दक्षिणेचा वारा ओळखणाऱ्या लोकांविषयी बोलतो. आभाळ वाचता येते आणि समोरचा काळ वाचता येत नाही, ही त्याची तक्रार आहे. माझे तर त्याहून वाईट झाले: मला वाचता आले होते आणि मी घडी घातली.

आता मार्च ते मे प्रत्येक रविवारी मी इशारा वाचतो. त्याच्यासोबत चार वाक्ये जोडतो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घरात जा. झाडाचा, उघड्या मांगराचा, होडीचा आसरा घेऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप घरातल्या मुलांकडून फोनवर घालून घ्या. पाऊस पडला नाही तर सोमवारी थट्टा होतेच. मांडवीच्या कठड्यावर "फादर, तुमचा पाऊस?" असे कुणी विचारले की मी म्हणतो, "दुसऱ्या कुणाच्या अंगणात पडला असेल."

तो तरुण आता मिस्साला डाव्या बाजूच्या बाकावर कडेला बसतो, कारण त्याचा चांगला कान तेथे वेदीकडे येतो. निवेदने सुरू झाली की मंडळींची चुळबुळ सुरू होते. तो मात्र मान किंचित वळवून ऐकत राहतो. मी इशारा वाचताना त्याच्याकडे पाहून वाचतो आणि सावकाश वाचतो.